हवेची अर्धी बाटली उरली की मागं फिरा: व्हॉलंटियर फायर कंपनीत नव्यानं जाणाऱ्यांसाठी

ब्रिजवॉटर, हिल्सबरो, प्लेन्सबरो या न्यू जर्सीतल्या गावांत मराठी घरं भरपूर आहेत, आणि तिथल्या फायर कंपन्या, म्हणजे गावोगावची अग्निशमन दलं, अजूनही मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांच्या जोरावर चालतात. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तर ही रीत १७३६ पासूनची आहे. त्या साली बेंजामिन फ्रँकलिननं फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली. आज या कंपन्यांना माणसं मिळत नाहीत. आपली माणसं मात्र अर्ज करायला कचरतात. वय चाळीस झालं, उच्चार वेगळे आहेत, जन्मात शिडी चढलो नाही, अशी कारणं ऐकू येतात आणि ती तिन्ही फोल आहेत. खरी अडचण वेळेची आहे. आठवड्याला एक ड्रिल, महिन्याला एक मीटिंग, सुरुवातीला दीडशे-दोनशे तासांचं प्रशिक्षण, आणि रात्री दोनला वाजणारा पेजर. घरच्यांशी हे आधी बोलून घ्या. जोडीदाराला न विचारता घेतलेला पेजर सहा महिन्यांत परत जातो.

व्हिसावर असाल तर अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. खरोखर बिनपगारी सेवा आणि ‘कॉलमागे थोडे पैसे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही कंपन्या कॉलमागे भत्ता देतात, काही गावांत लोसॅप नावाची दीर्घ सेवेची योजना असते. यातलं काय घ्यायचं आणि काय नाकारायचं हे वकिलाकडून लेखी घ्या. चीफ चांगला माणूस असला तरी त्याला तुमच्या व्हिसाचे नियम माहीत नसतात.

दुसरी तपासणी हृदयाची. अमेरिकेत ड्यूटीवर दगावणाऱ्या फायरफायटर्समध्ये ज्वाळांपेक्षा हृदयविकारानं जाणारे जास्त असतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसानं वीस-पंचवीस किलोंचं गियर चढवून जिना चढणं म्हणजे हृदयावर एकदम ताण. घरात मधुमेह, रक्तदाब असेल तर कंपनीच्या मेडिकलवर न थांबता स्वतःच्या डॉक्टरकडून स्ट्रेस टेस्ट करून घ्या. अपात्र ठरलात तरी वाईट वाटून घेऊ नका. पंप चालवणारा, रेडिओ सांभाळणारा, हिशेब ठेवणारा माणूस कंपनीला तितकाच हवा असतो, आणि चांगला खजिनदार तर नोझल, म्हणजे पाण्याची तोटी, धरणाऱ्या माणसापेक्षा दुर्मिळ आहे.

प्रशिक्षणाबद्दल एकच सांगतो. आयएस-१०० आणि आयएस-७०० हे फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेचे कोर्स ऑनलाइन आणि मोफत आहेत, ते पहिल्याच आठवड्यात उरकून टाका. बाकी सगळं काउंटीच्या फायर अकॅडमीत, हातानं. न्यू जर्सीत फायरफायटर वन, पेनसिल्व्हेनियात चार टप्प्यांचा पायाभूत कोर्स, ज्याचा शेवटचा टप्पा इंटिरियर. तो पुरा होईपर्यंत जळत्या घरात पाऊल टाकायचं नाही, कुणी ‘चल रे’ म्हणालं तरी. हेल्मेट कॅमेऱ्याचे व्हिडिओ पाहून शिकू नका. त्यात धूर दिसतो, माणसानं धुरात शिरण्याआधी काय तपासलं ते दिसत नाही.

गियर साठ सेकंदांत चढवायचं, त्यानंतरच्या साठात एअर पॅक, म्हणजे पाठीवरची हवेची बाटली आणि मास्क. हे जमतं. रोज रात्री जेवणानंतर दोनदा केलं तर महिन्याभरात जमतं. क्रम कधीही बदलू नका: पँट-बूट, हूड (डोकं-मान झाकणारी कापडी टोपी) गळ्यात, कोट, पॅक, मास्क, हूड वर ओढून मास्कच्या कडेवर, हेल्मेट, हातमोजे. आतला टी-शर्ट सुती हवा, कारण पॉलिस्टर उष्णतेनं वितळून कातडीला चिकटतं. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरीच. दाढी ठेवता येत नाही, कारण मास्कची कड कातडीवर घट्ट बसावी लागते आणि दरवर्षी ती बसते का याची फिट टेस्ट होते. मिशी कडेच्या आत राहत असेल तर चालते. चष्म्याच्या काड्या मास्कखाली गेल्या की सील तुटतं. त्यामुळे मास्कच्या आत बसणारी चष्म्याची फ्रेम मागून घ्या किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लावा. ही फ्रेम मागायला नवी माणसं लाजतात. लाजू नका, पहिल्याच दिवशी मागा.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ती गोष्ट. इथं मी लांबण लावणार आहे.

एअर पॅकच्या बाटलीवर ‘३० मिनिटं’ लिहिलेलं असतं. ४५०० पीएसआयला (हे दाबाचं एकक) भरलेल्या या बाटलीत साधारण १२७० लिटर हवा मावते, आणि माणूस मिनिटाला ४० लिटर ओढतो असं धरून तो तीसचा आकडा काढलेला आहे. पाण्यानं भरलेली होज ओढत, गुडघ्यांवर, अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत माणूस ८० लिटर सहज ओढतो. म्हणजे तीसची बाटली सोळा मिनिटांची झाली. नवखा माणूस १०० लिटरवर जातो, त्याची तेरा मिनिटांत संपते.

बाटलीत एक-तृतीयांश हवा उरली की अलार्म वाजतो. जुन्या पॅकवर तो एक-चतुर्थांशावर वाजायचा, तेव्हा तुमच्या कंपनीतले पॅक कोणत्या पिढीचे आहेत ते विचारून घ्या. इथंच नवी माणसं फसतात. त्यांना वाटतं, अलार्म म्हणजे ‘आता निघा’. अलार्म वाजतो तेव्हा तुम्ही आधीच बाहेर उभे असायला हवं. ती उरलेली १५०० पीएसआय म्हणजे सुमारे ४२० लिटर, म्हणजे धडपडीत चार-पाच मिनिटं. ती काम करण्यासाठी नाही आणि बाहेर चालत येण्यासाठीही नाही. वाट चुकली, वायरीत अडकलात, सोबत आत आलेला जोडीदार पडला, जिना खचला, तर त्यासाठी ती राखीव आहे. ती चालण्यात खर्च केली आणि मग अडकलात, तर मदतीला येणाऱ्या टोळीला तुम्ही सापडेपर्यंत हवा पुरत नाही.

हिशेब असा करा. दोनमजली साध्या घरात दारापासून कामाच्या खोलीपर्यंत जायला समजा ५०० पीएसआय लागले. परत यायला तेवढेच धरा. राखीव १५००. म्हणजे काटा २००० वर आला की मागं फिरायचं. कामाला उरले २०००, म्हणजे सात मिनिटं. आता तोच हिशेब टर्नपाइकच्या, म्हणजे टोलच्या महामार्गाच्या, कडेच्या एखाद्या वेअरहाउसमध्ये. आत जायलाच १२०० गेले. परतीचे १२०० आणि राखीव १५०० मिळून २७००. काटा २७०० वर आला की वळायचं, आणि तुम्ही जागेवर पोचलात तेव्हाच तो ३३०० वर होता. कामाला उरले ६०० पीएसआय. दोन मिनिटं. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली असताना मागं फिरणं मनाला पटत नाही, ‘अजून आहे की’ असं वाटतं, आणि मोठ्या इमारतीत माणसं नेमकी त्या ‘अजून आहे की’ पायी मरतात.

म्हणून नव्या माणसासाठी सरळ नियम: मास्कमधला दिवा अर्ध्याचा इशारा देईल तेव्हा जोडीदाराला मोठ्यानं सांगा आणि परतीला लागा. मोठ्या इमारतीत त्याच्याही आधी. दोघांपैकी ज्याची हवा कमी, त्याच्या काट्यावर दोघंही निघतात. तुमची आधी संपते म्हणून ओशाळू नका. पहिल्या वर्षी सगळ्यांचीच संपते. आत जाण्याआधी काटा वाचा, ४००० च्या खाली असेल तर बाटली बदला. ड्रिलला पूर्ण गियरमध्ये होज ओढा, जिना चढा, हातोडा मारा आणि सुरुवातीपासून अलार्मपर्यंत किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. तो आकडा तुमचा स्वतःचा आहे, बाटलीवरचा छापील आकडा विसरा.

आणि आग विझल्यावर, राखेत उकरताना मास्क काढू नका. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड तिथं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२२ मध्ये फायरफायटरचं कामच कर्करोगकारक ठरवलं. गियर ब्रशनं आणि पाण्यानं जागेवरच धुवायचं, पिशवीत भरायचं, गाडीच्या डिकीत उघडं टाकून मुलांच्या शेजारी घरी न्यायचं नाही. काळवंडलेला कोट अभिमानानं मिरवणारे जुने लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका.

घाबरवलं असेल तर हेही ऐका: पहिलं वर्षभर तुम्ही बहुधा हायड्रंटवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पाण्याच्या नळावर, असाल. पहिल्या इंजिनच्या, म्हणजे पंपाच्या ट्रकच्या, टाकीत बहुतेक ५०० ते १००० गॅलन पाणी असतं. पावणेदोन इंची होजमधून मिनिटाला १५० गॅलन गेलं तर ५०० गॅलन साडेतीन मिनिटंही पुरत नाहीत. आत गेलेल्या दोघांचं पाणी तेवढ्या वेळात तुमच्या हातून सुरू व्हायचं असतं, म्हणून हे काम हलकं समजू नका. झाकण काढा, आत दगड किंवा डबा नाही ना ते बघा, होज जोडण्याआधी थोडं पाणी सोडून गाळ काढून टाका. मग जोडा, आणि पंपावरच्या माणसानं सांगितल्यावरच उघडा. हळूहळू, पण शेवटपर्यंत. झटक्यानं उघडलंत तर पाण्याचा दणका पाइप फोडतो. अर्धवट उघडं ठेवलंत तर तळाची निचऱ्याची भोकं पुरती मिटत नाहीत, पाणी जमिनीत झिरपतं आणि हायड्रंटच्या बुडाची माती वाहून जाते. बंद करतानाही हळू. बंद केल्यावर तोंडावर तळहात ठेवा. हात आत ओढल्यासारखा वाटला तर पाणी खाली निचरतंय. नाही वाटला तर कॅप्टनला सांगा, कारण आत राहिलेलं पाणी जानेवारीत गोठतं आणि पुढच्या आगीला तो हायड्रंट उघडतच नाही.

स्वयंसेवक कॉलला जाताना स्वतःच्या गाडीवर लावतात त्या निळ्या दिव्याबद्दल ठणकावून सांगतो. तुमच्या गाडीवरचा निळा दिवा ही इतरांना केलेली विनंती आहे, तुम्हाला मिळालेला अधिकार नाही. लाल सिग्नल, वेगमर्यादा, थांबलेली स्कूल बस, सगळे नियम तसेच लागू. पहिल्या वर्षी दिवा घेऊच नका असं माझं मत आहे. आणि घटनास्थळी थेट स्वतःच्या गाडीनं, बिनसांगता पोचून कामाला लागणं तर कधीच नाही. आधी स्टेशन, मग ट्रक, मग नावाचा टॅग ऑफिसरकडे. टॅग दिला नाही तर तुम्ही आत आहात हे कुणालाच माहीत नसतं.

कंपनीच्या आत दोन सत्ता असतात. आगीवर चीफ, कॅप्टन, लेफ्टनंट. हॉलमध्ये प्रेसिडेंट, सेक्रेटरी, ट्रस्टी. कंपनी ही नोंदणीकृत संस्था असते, तिची इमारत, तिचं कर्ज, तिचे ठराव. पंपाबद्दलची तक्रार मीटिंगमध्ये आणि हॉलच्या भाड्याबद्दलची तक्रार आगीच्या जागी काढली की दोन्हीकडची माणसं दुखावतात. नवा सभासद मतदानानं घेतला जातो आणि काही महिने प्रोबी, म्हणजे उमेदवार, असतो. त्या काळात फरशी पुसणं, कॉफी लावणं, होज धुऊन वाळवणं तुमच्याकडे येतं. त्यात अपमान नाही. टिंगल मात्र मर्यादेबाहेर गेली, नावावरून, रंगावरून, तर गप्प बसू नका, चीफला सांगा. चीफच करत असेल तर शेजारच्या गावची कंपनी धरा.

पॅनकेक ब्रेकफास्ट, लेंटमधले (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतले) फिश फ्राय, चिकन बार्बेक्यू, बिंगो, उन्हाळी कार्निव्हल यांतून कंपनीचा पैसा येतो. एक कोट-पँट हजारो डॉलरची, आणि नियमानं ती दहा वर्षांनी बाद. शाकाहारी असाल तर तिकीट-खिडकी किंवा पॅनकेकचा तवा मागून घ्या, कुणी काही म्हणत नाही. ट्रकवर सांताक्लॉज फिरवण्याच्या संध्याकाळी हजर राहा. नवा ट्रक आला की शेजारच्या कंपन्या येऊन त्याला पाण्यानं न्हाऊ घालतात, त्या वेट-डाउनला तर जाच. पुढं म्यूच्युअल एडच्या, म्हणजे कंपन्या एकमेकींच्या मदतीला धावतात त्या, मोठ्या आगीत शेजारची होज कुणाच्या हाती आहे हे ओळखता येतं.

गुरू निवडताना किस्से रंगवणाऱ्याच्या मागं लागू नका. दर आठवड्याला ट्रकवरची प्रत्येक बाटली, प्रत्येक बॅटरी, करवतीतलं पेट्रोल तपासणारा आणि फारसं न बोलणारा कुणीतरी प्रत्येक कंपनीत असतो. त्याच्यासोबत तपासणीला उभे राहा. एका हिवाळ्यात ट्रकचा प्रत्येक कप्पा डोळे मिटून सांगता येईल.

मराठी सभासद एक काम इतरांपेक्षा चांगलं करू शकतो. फोडणीच्या धुरानं वाजतो म्हणून आपल्या कितीतरी घरांत स्वयंपाकघराजवळचा स्मोक अलार्म काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेला असतो. मंडळाच्या गणेशोत्सवात चीफच्या परवानगीनं एक टेबल लावा आणि मराठीत सांगा: अलार्म काढू नका, चुलीपासून किमान दहा फुटांवर हलवा आणि एक्झॉस्ट लावा. दहा वर्षं झालेला अलार्म बदला, तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही, कढई उचलून सिंककडे पळायचंही नाही. गॅस बंद, वर घट्ट झाकण, आणि थंड होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. होम-हवन घरात करायचं असेल तर अलार्म कंपनीला आधी फोन. आटोपल्यावर कुंडातली राख धातूच्या झाकणाच्या डब्यात भरून घरापासून लांब ठेवायची, गराजमधल्या प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकायची नाही.