जर्मन फुटबॉल क्लबाच्या राखीव संघाचा इतिहास कसा लिहावा

जर्मनीतील एखाद्या मोठ्या क्लबाच्या मुख्य संघाचा इतिहास लिहिताना साहित्याची वाण पडत नाही. विजेतेपदे, अंतिम सामने आणि गाजलेले खेळाडू यांच्या नोंदी सर्वत्र सापडतात. त्याच क्लबाच्या राखीव संघाकडे, म्हणजे मुख्य संघाखालील दुसऱ्या संघाकडे, वळले की मात्र चित्र बदलते. लीग जिंकूनही संघ त्याच लीगमध्ये राहिलेला दिसतो, गुणतालिकेत वरच्या क्रमांकावर असूनही पुढच्या हंगामात एक पायरी खाली गेलेला दिसतो, आणि कधी कधी तर तो काही वर्षे नोंदींतून पूर्णपणे नाहीसा होतो. ही विसंगती नाही. राखीव संघाच्या स्थानाचा अर्थ त्या वर्षीचे नियम आणि त्या वर्षीचा मुख्य संघ शेजारी ठेवल्याशिवाय लागत नाही, एवढे लक्षात ठेवून कामाला लागले की बहुतेक कोडी आपोआप सुटतात.

पहिले काम नावांची जुळणी करण्याचे आहे. २००५ पर्यंत व्यावसायिक क्लबांचे राखीव संघ क्लबाच्या नावापुढे ‘अमाटोरे’, म्हणजे हौशी, हा शब्द लावून ओळखले जात आणि निकालांच्या कोष्टकांत त्यासाठी बहुधा कंसातील एक अक्षर छापलेले असे. त्या वर्षापासून रोमन अंकातील दोन हा प्रत्यय आला. याशिवाय काही क्लब आपल्या राखीव संघाचा उल्लेख वयोगटाने, म्हणजे ‘यू-२३’ किंवा ‘यू-२१’ असा करतात. जुन्या आणि नव्या नावांनी वेगवेगळा शोध घेतला नाही तर एकाच संघाचा इतिहास २००५ मध्ये सुरू झाल्यासारखा वाटतो. जुन्या नावामागे कारणही होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीत करारबद्ध खेळाडूंची पद्धत आली आणि क्लबातील जे खेळाडू हौशीच राहिले त्यांच्यासाठी वेगळा संघ, वेगळी लीग आणि १९५० पासून वेगळी राष्ट्रीय स्पर्धाही उभी राहिली.

यानंतर लीगची उतरंड कालखंडानुसार मांडून घ्यावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात, कारण जर्मन फुटबॉलमध्ये लीगची नावे तीच राहिली आणि त्यांचा स्तर मात्र वेळोवेळी बदलत गेला. १९६३ मध्ये बुंडेसलिगा सुरू होईपर्यंत ओबरलिगा हा सर्वोच्च स्तर होता. १९६३ ते १९७४ या काळात बुंडेसलिगाच्या खाली रेगियोनाललिगा होती, म्हणजे ती दुसऱ्या स्तरावर होती. १९७४ मध्ये तिची जागा दुसऱ्या बुंडेसलिगाने घेतली. १९७८ ते १९९४ या काळात तिसऱ्या स्तरावर हौशी ओबरलिगा होती. १९९४ मध्ये रेगियोनाललिगा हे नाव परत आले, पण या वेळी तिसऱ्या स्तरासाठी, आणि ओबरलिगा चौथ्या स्तरावर गेली. सुरुवातीला या नव्या रेगियोनाललिगाचे चार विभाग होते, २००० मध्ये ते दोन झाले. २००८ मध्ये संपूर्ण देशासाठी एकच ड्रिटे लिगा स्थापन झाली, ती तिसरा स्तर ठरली, रेगियोनाललिगा तीन विभागांसह चौथ्या स्तरावर ढकलली गेली आणि ओबरलिगा पाचव्या. २०१२ मध्ये रेगियोनाललिगाचे तीनऐवजी पाच विभाग करण्यात आले. म्हणून ‘संघ रेगियोनाललिगामध्ये खेळत होता’ हे वाक्य वर्षाशिवाय लिहू नये. त्यातून दुसरा, तिसरा किंवा चौथा असा कोणताही स्तर निघू शकतो.

बायर्न म्युनिकच्या राखीव संघावर ही पद्धत लावून पाहिली तर तिचा उपयोग स्पष्ट होतो. हा संघ १९९४ ते २००८ रेगियोनाललिगाच्या दक्षिण विभागात होता, २००८ ते २०११ ड्रिटे लिगामध्ये, २०११-१२ मध्ये पुन्हा दक्षिण विभागात, २०१२ ते २०१९ बव्हेरिया विभागात, २०१९ ते २०२१ ड्रिटे लिगामध्ये आणि २०२१ नंतर पुन्हा बव्हेरिया विभागात. घाईने वाचणारा २००८ ची नोंद ‘बढती’ आणि २०१२ ची नोंद ‘घसरण’ म्हणून लिहील. वास्तविक २००८ मध्ये संघ तिसऱ्या स्तरावरून तिसऱ्या स्तरावरच गेला, फक्त त्या स्तराची रचना बदलली आणि नव्या लीगमध्ये जागा मिळवावी लागली. २०१२ मध्ये तो चौथ्या स्तरावर होता आणि तेथेच राहिला. खरी घसरण २०११ आणि २०२१ ची, खरी बढती २०१९ ची. कोष्टक करताना लीगच्या नावाचा आणि स्तराचा असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत.

आता नियमांकडे वळावे. इतर अनेक देशांत राखीव संघ स्वतंत्र लीगमध्ये आपसांत खेळतात. जर्मनीत ते इतर क्लबांच्या मुख्य संघांशी गुणांसाठी झुंजतात आणि बढती-घसरणीच्या चक्रातही असतात. या व्यवस्थेला दोन मोठी बंधने आहेत. राखीव संघ आपल्याच मुख्य संघाच्या स्तरावर खेळू शकत नाही, आणि तो दुसऱ्या बुंडेसलिगामध्ये जाऊ शकत नाही, म्हणजे २००८ पासून ड्रिटे लिगा हे त्याचे छत आहे. याखेरीज तेवीस वर्षांवरील खेळाडू मर्यादित संख्येनेच मैदानात उतरवता येतात.

या छताचा परिणाम सर्वांत ठळकपणे २०१९-२० च्या हंगामात दिसला. सेबास्टियन हॉनेस यांच्या मार्गदर्शनाखाली बायर्नचा राखीव संघ हंगामाच्या मध्यापर्यंत तालिकेच्या खालच्या भागात होता; उत्तरार्धात त्याने अशी मुसंडी मारली की ड्रिटे लिगा जिंकणारा तो पहिला राखीव संघ ठरला. क्वासी ऑक्येरे व्रीट याने त्या हंगामात २४ गोल केले. तरीही बढती मिळाली ती दुसऱ्या क्रमांकाच्या व्युर्झबुर्गर किकर्सला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या आइनट्राख्ट ब्राउनश्वाइगला, तर एरवी तिसऱ्या क्रमांकाला मिळणारी पात्रता लढत चौथ्या क्रमांकाच्या इंगोलश्टाटच्या वाट्याला आली. पुढच्या हंगामात हॉनेस हॉफेनहाइमच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले, व्रीट नेदरलँड्समध्ये गेला, आणि विजेता संघ एका वर्षात चौथ्या स्तरावर घसरला. मुख्य संघाच्या इतिहासात अशा घसरणीला आपत्ती म्हटले असते. राखीव संघाच्या बाबतीत तिचे कारण पुष्कळदा यशातच असते, कारण चांगले खेळाडू आणि प्रशिक्षक टिकवून ठेवणे हे अशा संघाचे काम नव्हे, त्यांना पुढे पाठवणे हे त्याचे काम आहे. माझ्या मते इतिहास लिहिणाऱ्याने ही बाब प्रत्येक घसरणीपाशी तपासावी, आणि पुरावा असेल तेथे स्पष्ट शब्दांत नोंदवावी. २०२२-२३ मध्ये एस.सी. फ्रायबुर्गचा राखीव संघ ड्रिटे लिगामध्ये दुसरा आला, तेव्हाही छताचा हाच नियम लागू झाला: तिसरा ओस्नाब्रुक थेट वर गेला आणि चौथ्या वेहेन वीसबाडेनने पात्रता लढतीतून बढती मिळवली.

यामुळे कोष्टकात आणखी एक रकाना आवश्यक ठरतो, तो मुख्य संघाच्या स्तराचा. २०१७ मध्ये ‘१८६० म्युनिक’ या क्लबाचा मुख्य संघ दुसऱ्या बुंडेसलिगामधून घसरला, त्याला ड्रिटे लिगाचा परवाना मिळाला नाही आणि तो थेट रेगियोनाललिगाच्या बव्हेरिया विभागात आला. तेथे त्याच क्लबाचा राखीव संघ आधीपासून खेळत होता आणि तालिकेच्या वरच्या भागात होता. मैदानावर काहीही न गमावता त्याला बव्हेरियालिगामध्ये, म्हणजे पाचव्या स्तरावर, जावे लागले. मुख्य संघाचा रकाना समोर नसेल तर ही घसरण वाचकाला कधीच समजणार नाही.

लीगचा सांगाडा उभा राहिला की चषक स्पर्धांकडे यावे, कारण राखीव संघांच्या सर्वांत मोठ्या कथा तेथे आहेत. २००८-०९ पासून राखीव संघांना जर्मन चषकात, म्हणजे डीएफबी-पोकालमध्ये, प्रवेश नाही. त्यापूर्वी तो होता. १९९२-९३ मध्ये हेर्था बर्लिनचा हौशी संघ तिसऱ्या स्तरावर खेळत असताना या स्पर्धेत उतरला आणि गतविजेत्या हॅनोव्हर ९६ ला ४-३ असे, त्यानंतर न्युर्नबर्गला आणि उपांत्य फेरीत केमनिट्सला हरवून अंतिम सामन्यात पोहोचला. १२ जून १९९३ रोजी बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर, म्हणजे आपल्याच शहरात, त्याने बायर लेव्हरकुसेनला ७७ व्या मिनिटापर्यंत रोखून धरले. मग उल्फ किर्स्टनने सामन्यातील एकमेव गोल केला. त्या तरुण संघातील कार्स्टन रामेलो पुढे लेव्हरकुसेनकडूनच खेळला आणि २००२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना जर्मनीकडून खेळला. जर्मन राखीव संघांच्या इतिहासात याहून मोठा पराक्रम मला दिसत नाही, आणि आजच्या नियमांत तो पुन्हा घडणे शक्य नाही. अशा नोंदीला एका ओळीत गुंडाळू नये. फेरीवार निकाल, प्रतिस्पर्ध्यांचा त्या वेळचा स्तर आणि संघातील खेळाडूंची पुढील वाटचाल असे सविस्तर लिहावे.

१९५० ते १९९८ या काळातील जर्मन हौशी अजिंक्यपद स्पर्धा ही दुसरी महत्त्वाची नोंद. हॅनोव्हर ९६ च्या हौशी संघाने ती १९६०, १९६४ आणि १९६५ मध्ये जिंकली, वेर्डर ब्रेमेनच्या संघाने १९६६, १९८५ आणि १९९१ मध्ये, तर व्हीएफबी स्टुटगार्टच्या संघाने १९६३ आणि १९८० मध्ये. स्पर्धा बंद पडल्यामुळे ही विजेतेपदे हल्ली दुर्लक्षित राहतात. ज्या क्लबाचा इतिहास लिहीत आहात त्याचे नाव या यादीत आहे का, हे आवर्जून पाहावे.

क्लब पूर्व जर्मनीतील असेल तर वरील मांडणी १९९१ पूर्वीच्या काळाला लावू नये. तेथे मोठ्या क्लबांचे राखीव संघ दुसऱ्या स्तरावरील डीडीआर-लिगापर्यंत खेळत, आणि १९७६ ते १९८३ या काळात वरच्या क्लबांच्या तरुण खेळाडूंसाठी ‘नाखवुक्सओबरलिगा’ ही स्वतंत्र लीग होती. त्या वर्षांत डीडीआर-लिगाच्या तालिकांत राखीव संघ सापडला नाही, तर तो विसर्जित झाला असा निष्कर्ष घाईने काढू नये.

खेळाडूंविषयी लिहिताना मोह आवरावा लागतो. दुखापतीतून सावरताना मुख्य संघातील नामांकित खेळाडू राखीव संघाकडून एखादा सामना खेळून जातो. त्याला त्या संघाने घडवलेला खेळाडू म्हणणे चुकीचे आहे. सामन्यांची संख्या आणि हंगाम पाहून निवड करावी. थॉमस म्युलरने २००८-०९ मध्ये ड्रिटे लिगामध्ये बायर्नच्या राखीव संघासाठी १५ गोल केले आणि २०१० च्या विश्वचषकात तो सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्हणून गौरवला गेला. येथे संबंध थेट आहे. मिरोस्लाव्ह क्लोज १९९९ मध्ये काइझर्सलाउटर्नच्या राखीव संघात आला आणि २००० मध्ये बुंडेसलिगामध्ये पोहोचला. विश्वचषकात सर्वाधिक १६ गोलांचा जर्मन विक्रम पुढे त्याच्या नावावर लागला.

प्रशिक्षकांना मात्र खेळाडूंहून अधिक जागा द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण खेळाडू दोन-तीन वर्षांत निघून जातात आणि संघाची घडण प्रशिक्षकाच्या हाती राहते. हेर्मान गेरलांड १९९० ते १९९५ आणि पुन्हा २००१ ते २००९ असे बायर्नच्या राखीव संघाचे प्रशिक्षक होते. फिलिप लाम, बास्टियान श्वाइनश्टायगर आणि म्युलर हे तिघेही त्यांच्या हाताखालून गेले. बोरुसिया डॉर्टमुंडच्या राखीव संघाचे डेव्हिड वॅग्नर आणि त्यांच्यानंतर आलेले डॅनिएल फार्क यांनी पुढे अनुक्रमे हडर्सफील्ड आणि नॉर्विच या इंग्लिश क्लबांना प्रीमियर लीगमध्ये नेले. अशा वेळी राखीव संघ प्रशिक्षकांचीही शाळा ठरतो, आणि कालखंडांची विभागणी लीगऐवजी प्रशिक्षकांनुसार केली तर इतिहास अधिक सुसंगत वाचला जातो.

मैदानाचीही नोंद घ्यावी. बायर्नचा राखीव संघ ग्र्युनवाल्डर स्ट्रासेवरील जुन्या स्टेडियममध्ये खेळतो, जे १९७२ पर्यंत मुख्य संघाचे घर होते. डॉर्टमुंडचा राखीव संघ रोटे एर्डे स्टेडियममध्ये खेळतो, जेथून मुख्य संघ १९७४ मध्ये शेजारच्या वेस्टफालेनस्टेडियममध्ये गेला. क्लबाचा जुना काळ आणि राखीव संघ यांना जोडणारा हा दुवा अनेक ठिकाणी आढळतो.

शेवटी उरतात त्या मोकळ्या जागा. २०१४ मध्ये व्यावसायिक क्लबांवरील राखीव संघ ठेवण्याची सक्ती उठवण्यात आली आणि आइनट्राख्ट फ्रँकफुर्ट व बायर लेव्हरकुसेन यांनी त्याच वर्षी आपले संघ बंद केले. व्हीएफएल वोल्फ्सबुर्गने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. फ्रँकफुर्टने २०२२ मध्ये पाचव्या स्तरावरील हेसेनलिगामधून संघ पुन्हा उभा केला आणि तो २०२३ मध्ये रेगियोनाललिगामध्ये पोहोचला. अशा संघाच्या कोष्टकात २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ हंगामांच्या ओळी गाळू नयेत; त्या ठेवाव्यात, लीगच्या रकान्यात ‘संघ अस्तित्वात नाही’ असे लिहावे, मुख्य संघाचा रकाना नेहमीप्रमाणे भरावा आणि संघ बंद करण्याचा व पुन्हा सुरू करण्याचा निर्णय त्या त्या वर्षासमोर नोंदवावा.