बेवारस पडलेली आयात जपानी स्पोर्ट्स कार नावावर करताना या चुका टाळा

सोसायटीच्या तळघरात, गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत किंवा पोलीस ठाण्याच्या आवारात एखादी माझदा आरएक्स-8, निस्सान 350झेड नाहीतर जुनी सुप्रा धूळ खात पडलेली दिसते. हवा गेलेले टायर, काचेवर बोटभर माती. ओळखीतलं कुणीतरी सांगतं, "मालक परदेशात गेला, गाडी कुणाचीच नाही, घेऊन टाका." भारतात अशी गाडी कायदेशीरपणे नावावर होऊ शकते, पण त्यासाठी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत. गाडीचा मालक कोण आणि ती देशात आली कशी? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. बहुतेक जण अडकतात ते दुसऱ्यावर.

बेवारस म्हणजे बिनमालकाची, असं धरून चालणं

पीयूसी आणि विमा संपून कितीही वर्षं झाली, तरी आरसीवर ज्याचं नाव आहे तो किंवा त्याचे वारस यांनाच मालक धरलं जातं. तुमच्या जागेत गाडी किती वर्षं उभी आहे यावरून आरटीओ आरसी देत नाही. माल विक्री कायदा, 1930 च्या कलम 27 चा मथितार्थ असा की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्यापेक्षा जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. त्यामुळे सोसायटीच्या कमिटीने ठराव करून गाडी विकली तरी मालकी बदलत नाही.

गॅरेजवाल्याचं प्रकरण थोडं वेगळं आहे. दुरुस्तीचं बिल थकलं असेल तर करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे त्याला गाडी अडवून ठेवता येते, विकता मात्र येत नाही. "बिलापोटी गाडी माझी झाली" असं सांगून तो साध्या कागदावर पावती देतो, घेणारा पाच-सहा लाख मोजतो आणि ती पावती आरटीओच्या खिडकीवर कुणी हातातही घेत नाही. योग्य मार्ग लांबचा आहे. गॅरेजने थकबाकीचा दावा लावायचा, हुकूमनामा घ्यायचा आणि न्यायालयामार्फत लिलाव करवायचा. त्या लिलावातल्या विक्री प्रमाणपत्रावर गाडी नावावर होते.

मालकाचा शोध न घेता गाडी हलवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली अपहाराचा गुन्हा लागू शकतो. म्हणून शोध घेतल्याचा पुरावा जपून ठेवा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, म्हणून आरटीओकडे आरसी पर्टिक्युलर्ससाठी, म्हणजे नोंदणीच्या तपशिलासाठी, अर्ज करा. मिळालेल्या पत्त्यावर पोचपावतीसह नोटीस पाठवा, एका मराठी आणि एका इंग्रजी वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्या आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी कळवून शिक्क्याची प्रत घ्या. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, वाहन समन्वय सेवेवर चॅसी आणि इंजिन नंबर टाकून गाडी चोरीची नाही हेही तपासा.

कस्टम्सचे कागद न बघता सौदा करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आयात गाडीचा जन्मदाखला म्हणजे बिल ऑफ एन्ट्री, आयात मालासाठी कस्टम्सकडे दाखल होणारा कागद. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 47 प्रमाणे आयात गाडीच्या पहिल्या नोंदणीलाच कस्टम्सचा दाखला लागतो. गाडीची आरसी आहे पण बिल ऑफ एन्ट्री कुठेच नाही, अशी स्थिती असेल तर ती नोंदणी मुळात कशी झाली हे कळेपर्यंत थांबा.

बिल हातात आलं की सर्वांत आधी त्यातलं वर्गीकरण बघा. पूर्ण मोटारगाडी 8703 या शीर्षकाखाली येते, सुटे भाग 8708 खाली. बिलावर 8708 असेल तर कुणीतरी गाडी कापून किंवा सोडवून भाग म्हणून आणली आणि इथे जोडली. अशा गाडीवर मोटारीचं शुल्क भरलेलंच नसतं आणि तिची नोंदणी मोटार म्हणून टिकत नाही.

मग तारीख तपासा. जुनी गाडी आयात करायची तर ती उत्पादनापासून 3 वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये असावा आणि गाडी मुंबई बंदरातूनच यावी, अशा धोरणाच्या अटी आहेत. म्हणून उत्पादनाचा महिना आणि बिलाची तारीख शेजारी ठेवून पाहा. जपानच्या देशी बाजारातल्या गाड्यांच्या चॅसी नंबरवरून साल थेट वाचता येत नाही. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेलं लेबल ओढून बघा. त्यावर पट्ट्याच्या उत्पादनाचं साल सापडतं आणि ते गाडीच्या सालाच्या जवळपास असतं. लेबल 1994 चं आणि बिल 2006 चं असेल, तर ही गाडी कोणत्या सवलतीखाली आली हे कस्टम्सकडून लेखी घ्या.

डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी बहुधा आखाती देशांतून आलेली असते आणि तिथे शंकेला जास्त जागा आहे. काही गाड्या कार्नेवर, म्हणजे ठरावीक मुदतीत परत नेण्याच्या हमीवर आल्या आणि परत गेल्याच नाहीत. काही दूतावासांच्या शुल्कमाफीतून आल्या. काही 'ट्रान्स्फर ऑफ रेसिडन्स'मध्ये, म्हणजे परदेशातून राहायला परतणाऱ्यांच्या सवलतीत, ठरावीक काळ न विकण्याच्या अटीवर आल्या. सवलतीची अट मोडली की कस्टम्स कायदा, 1962 च्या कलम 111 खाली गाडी जप्तीला पात्र ठरते. ही जप्ती गाडीवर असते, त्यामुळे तुम्ही तिसरे किंवा चौथे प्रामाणिक खरेदीदार असलात तरी गाडी जाऊ शकते. सप्टेंबर 2025 मध्ये भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' राबवलं, तेव्हा नोंदणी झालेल्या गाड्याही ताब्यात घेतल्या गेल्या. कलम 125 खाली दंड भरून गाडी सोडवून घेण्याची तरतूद आहे, पण दंडाशिवाय शुल्कही भरावं लागतं आणि बंदी असलेल्या मालाच्या बाबतीत ही सवलत द्यायची की नाही हे अधिकारी ठरवतो. त्या भरवशावर सौदा करू नका.

बिल खरं आहे का, हे आइसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर बिल क्रमांक, तारीख आणि बंदराचा कोड टाकून पाहता येतं. जुनी नोंद तिथे सापडली नाही तर संबंधित कस्टम हाऊसला चॅसी नंबरसह लेखी अर्ज करा. उत्तराला वेळ लागतो. तोवर विक्रेत्याला बयाणा देऊ नका.

चॅसी नंबर घासून साफ करणं

जपानी देशी गाडीचा नंबर 17 अक्षरी नसतो. आधी मॉडेलचा कोड, मग आडवी रेघ, मग आकडे, उदाहरणार्थ जेझेडए80 किंवा एफडी3एसने सुरू होणारा. तो बहुतेकदा बॉनेटखाली फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, ठोकलेला असतो. गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर मारू नका. घासल्याच्या खुणा आणि छेडछाडीच्या खुणा तपासणाऱ्याला सारख्याच दिसतात, मग प्रकरण न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. मऊ ब्रश आणि थोडं रॉकेल पुरेसं आहे. नंबर वाचताच येत नसेल तर आधी आरटीओची लेखी परवानगी घ्या, नंबर पुन्हा ठोकण्याचं काम त्यानंतरच.

नंबरभोवती वेल्डिंगची चौकट किंवा वेगळ्या रंगाचा पत्रा दिसला तर तिथेच थांबा. इंजिनही जुळवून पाहा. आरसीवर इथे विकल्या गेलेल्या लान्सरची 1468 सीसी आणि बॉनेटखाली 4जी63 टर्बो, म्हणजे 1997 सीसी, असं दिसलं तर दुसऱ्याच गाडीचे कागद वापरलेत. उलट आरएक्स-8 च्या आरसीवर 1308 सीसी दिसली तर दचकू नका. रोटरी इंजिनच्या दोन रोटरचे 654-654 मिळून तेवढेच होतात.

सही केलेल्या कोऱ्या फॉर्म 29-30 वर विसंबणं

दलालाकडे मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या तयार असतात. मालक हयात नसेल तर त्या सह्यांना अर्थ उरत नाही आणि त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही मृत्यूबरोबर संपतं. तेव्हा आधी फॉर्म 31 वर गाडी वारसाच्या नावावर करा. त्यासाठी मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची नाहरकत आणि प्रतिज्ञापत्र लागतं. मुदत 3 महिन्यांची आहे. ती कधीच उलटून गेली असेल तरी उशिराचा दंड भरून मार्ग निघतो. त्यानंतर वारसाकडून नेहमीसारखी 29-30 वर खरेदी करा.

बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी (नाहरकत) लागेल. बँक विलीन झाली असेल तर ती ज्या बँकेत गेली, तिच्याकडे कर्ज खात्याचा क्रमांक घेऊन जा. गाडी परराज्यातली असेल तर मूळ आरटीओची फॉर्म 28 वरची एनओसी आणि इथला कर, दोन्हींचा हिशेब किमतीत आधीच धरा.

लिलावाच्या अटी न वाचणं

पोलीस, महापालिका आणि कस्टम्सच्या लिलावातून घेतलेल्या गाडीची मालकी सर्वांत स्वच्छ असते. ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत फॉर्म 32 आणि लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याचं विक्री प्रमाणपत्र घेऊन अर्ज करायचा. पण बरेच लॉट भंगार म्हणून विकले जातात. अटींमध्ये 'पुनर्नोंदणी होणार नाही' असं वाक्य असेल तर नंतर कितीही धावपळ केली तरी ती गाडी रस्त्यावर येत नाही. प्रमाणपत्रावर चॅसी आणि इंजिन नंबर अक्षर न अक्षर बरोबर आहे का, हे जागेवरच तपासा. एक शून्य 'ओ' म्हणून टाइप झालं तरी वाहन प्रणालीत नोंद जुळत नाही आणि दुरुस्तीसाठी त्याच कचेरीत परत जावं लागतं.

आरसीची मुदत आणि शेवटचा टप्पा विसरणं

खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे फॉर्म 25 वर दर वेळी 5 वर्षं वाढते. आयात चारचाकीचं नूतनीकरण शुल्क 15 वर्षांनंतर 40,000 रुपये, तर ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेपासून 20 वर्षांवरच्या गाडीला 80,000 रुपये आहे. उशिराचं शुल्क दर महिन्याला वेगळं चढतं. ई-चलनंही याच वेळी भरावी लागतात.

नूतनीकरणाला गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. मुदत संपलेल्या आरसीवर ती रस्त्याने चालवत नेऊ नका, फ्लॅटबेडवर न्या. दिवे, वायपर, हॉर्न, ब्रेक आणि पार्किंग ब्रेक चालू हवेत, बदललेलं इंजिन किंवा वाढवलेली बॉडी असेल तर गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. पीयूसीसाठी इंजिन गरम करून न्यायचं. त्याआधी टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा आणि फिल्टर बदला. आधीच्या मालकाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, काढून सरळ पाइप टाकला असेल तर आयडलवर कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर जातो, म्हणून तपासणीची तारीख घेण्यापूर्वी गाडीखाली वाकून तो जागेवर आहे का ते बघून घ्या.