जनावरांसाठी प्रतिजैविकाचा गट कसा निवडावा

ताप आला की ऑक्सी (ऑक्सिटेट्रासायक्लिन), जुलाब लागले की एन्रो (एन्रोफ्लॉक्सासिन), जखम झाली की पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन), अशी पाठ केलेली जोडी मला कधीच पटली नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी सिरिंज भरण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला लावते. हे औषध जिवाणूच्या कोणत्या भागावर घाव घालतं? आणि जिवाणू जिथं ठाण मांडून बसलाय तिथं ते पोहोचून काम करतं का? एवढं सांगता आलं की कोणत्या रोगावर काय चालेल ते फारसं घोकावं लागत नाही.

बीटा-लॅक्टम गटापासून सुरुवात करू. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन हे सगळे त्यातले. वाढणारा जिवाणू स्वतःभोवती भिंत रचत असतो; ही औषधं त्या भिंतीचे सांधे जुळू देत नाहीत आणि आतल्या दाबानं जिवाणू फुटतो. म्हणजे वाढीला लागलेल्या जंतूंवर हा गट उत्तम: फऱ्या, काळपुळी, स्ट्रेप्टोकोकसचा कासदाह, लेप्टोस्पायरा. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला मुळात भिंतच नसते, त्यामुळे त्याच्या न्यूमोनियात पेनिसिलिन कितीही टोचलं तरी वायाच जातं. या गटात रक्तातली पातळी टिकून राहणं महत्त्वाचं. एक डोस चुकवून पुढचा दुप्पट दिल्यानं भरपाई होत नाही. प्रोकेन पेनिसिलिन स्नायूतून सावकाश रक्तात उतरतं म्हणून दिवसातून एकदा चालतं. सोडियम पेनिसिलिन तसं चालत नाही. काही स्टॅफिलोकोकस पेनिसिलिन तोडणारं विकर बनवतात, तिथं अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल घ्यावं. गिनीपिग आणि सशांना मात्र हा गट तोंडावाटे कधीच देऊ नका. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे घातक जंतू माजतात आणि जनावर दगावतं.

अमिनोग्लायकोसाइड, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, जिवाणूच्या रायबोसोमवर (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर) बसून प्रथिनं चुकीची बनवायला लावतात. पण पेशीच्या आत शिरायला त्यांना प्राणवायूच्या आधारानं चालणारी यंत्रणा लागते. पुवानं भरलेल्या बंद गळवात प्राणवायू नाही, म्हणून तिथं जेंटामायसिन निष्प्रभ ठरतं. गळू आधी फोडा, पू वाहू द्या, मग औषधाचं बघू. सल्फा औषधांचंही पुवात असंच होतं, कारण ती फॉलिक आम्ल तयार होण्याची वाट अडवतात आणि पुवातल्या मेलेल्या पेशी जिवाणूला तोच माल आयता पुरवतात. जेंटामायसिनची दिवसभराची मात्रा एकदाच द्यावी: उंच पातळीनं जंतू मरतात आणि मधल्या वेळात मूत्रपिंडाला उसंत मिळते. शरीरात पाणी कमी झालेल्या जनावराला सलाईन लावल्याशिवाय हे टोचू नये.

टेट्रासायक्लिनही रायबोसोमवरच काम करतात, पण जिवाणूला मारण्यापेक्षा त्याची वाढ थांबवतात. पेशीच्या आत लपणाऱ्या जंतूंवर हा गट माझा आवडता आहे: गाईचा ॲनाप्लाझ्मा, कुत्र्यांना गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया, पक्ष्यांचा क्लॅमिडिया. थायलेरिया गोचिडांमुळेच होतो, पण तो जिवाणू नाही. त्यासाठी ब्युपार्व्हाक्वोन लागतं. तोंडावाटे टेट्रासायक्लिन दूध किंवा खनिज मिश्रणासोबत देऊ नका, कॅल्शियम ते बांधून ठेवतं. मांजराला डॉक्सीची (डॉक्सिसायक्लिन, याच गटातलं) गोळी दिल्यावर लगेच थोडं पाणी पाजा. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं व्रण होऊन नळी अरुंद होते.

मॅक्रोलाइडमध्ये टायलोसिन आणि ट्युलाथ्रोमायसिन फुफ्फुसात चांगली साठतात, म्हणून मायकोप्लाझ्मा आणि श्वसनाच्या आजारांत उपयोगी. टिल्मिकोसिन घोड्याला टोचू नका आणि स्वतःच्या हातात सुई जाणार नाही याची काळजी घ्या. माणसाच्या हृदयावर त्याचा जीवघेणा परिणाम होतो. त्यांच्या जवळच्या गटातलं क्लिंडामायसिन कुत्र्याच्या दाढेच्या किंवा हाडाच्या संसर्गात छान, पण घोडा, ससा आणि रवंथ करणाऱ्या जनावरांना तोंडावाटे अजिबात नाही.

एन्रोफ्लॉक्सासिन जिवाणूचा डीएनए उलगडू देत नाही. ते इतकं सोयीचं आहे की हात पहिला तिकडेच जातो, आणि याचाच मला राग येतो. ते ज्या गटातलं आहे ते फ्लुओरोक्विनोलोन माणसांच्या उपचारातही फार मोलाचे आहेत. तपासणीत दुसरं काही चालणार नाही असं दिसलं तरच ते काढावेत. मांजरात दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर गेलात तर डोळ्याच्या पडद्याला इजा होऊन कायमचं अंधत्व येऊ शकतं. वाढत्या वयाच्या मोठ्या जातीच्या पिल्लांत सांध्यांची कूर्चा बिघडते.

आता कासदाहाचं एक उदाहरण जवळून बघू. दुधात गाठी आहेत, पण गाय खाते आहे आणि ताप नाही, अशा वेळी एक दिवस थांबायला हरकत नसते. मी सडाचं टोक स्पिरिटनं पुसते, पहिल्या धारा सोडून देते आणि पुढचं दूध निर्जंतुक बाटलीत घेते. ते जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरून ३७ अंशांना ठेवलं की दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके उगवतात. त्यातला एक काचपट्टीवर घेऊन ग्रॅम रंजन करायचं, म्हणजे जंतूंना रंग देऊन ते ओळखायचे. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या मण्यांची माळ दिसली तर स्ट्रेप्टोकोकस, पेनिसिलिन पुरेसं. गुलाबी दांडके दिसले तर ई. कोलायसारखे जंतू; त्यांच्या बाहेरच्या आवरणातून पेनिसिलिन आत शिरत नाही. सौम्य आजारात हे जंतू बहुधा गाईची स्वतःची प्रतिकारशक्तीच संपवते. काहीच उगवलं नाही, तरी बहुतेक वेळा प्रतिजैविक लागत नाही. गाय बसून राहिली असेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, तर मात्र नमुना घेऊन त्याच घटकेला उपचार सुरू करते, आणि त्यात सलाईन व सूज उतरवणारं औषध आधी.

लाळ्या खुरकूत किंवा कुत्र्यांचा पार्व्हो हे विषाणूंचे आजार. तिथं प्रतिजैविक फक्त मागून येणाऱ्या जिवाणूंसाठी असतं, आणि मालकाला हे स्पष्ट सांगावं.

नमुना नेहमी पहिल्या डोसआधी घ्या. ४८ ते ७२ तासांत फरक दिसला नाही तर गट बदलण्याआधी निदान पुन्हा तपासा: पू आत राहिलाय का, मात्रा वजनाला धरून होती का, रोग जिवाणूचाच आहे का. दुभत्या जनावराच्या मालकाला दूध किती दिवस टाकायचं ते औषधाच्या लेबलवरून वाचून कागदावर लिहून द्या. असं दूध विरजलं तर त्यातल्या औषधानं विरजणाचे जंतू मरतात आणि दही लागत नाही, पण दही लागलं म्हणजे दूध औषधमुक्त झालं असं समजू नये. तारीख लेबलवरचीच पाळायची.