जुन्या स्पोर्ट्स कारची पेट्रोल टाकी गुदमरते तेव्हा: या चुका टाळा

जुनी स्पोर्ट्स कार अर्धा तास मस्त पळते आणि मग वेग धरला की आचके द्यायला लागते. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी पंप बदलतात, मग फिल्टर, मग इग्निशन कॉइल. मीही माझ्या गाडीत पंप आणि फिल्टर दोन्ही बदलले होते, दोष मात्र जागचा हलला नाही. एकदा अशीच बंद पडली तेव्हा टाकीचं झाकण फिरवलं आणि 'स्सस्स' करत हवा आत ओढली गेली, चांगली पाच-सहा सेकंद. गाडी लगेच सुरू झाली. नवा पंपही टाकीतल्या निर्वाताशी झगडत होता.

टाकीतून एक लिटर पेट्रोल गेलं की त्या जागी तेवढी हवा यावी लागते. पेट्रोल भरताना उलट, आत शिरणाऱ्या प्रत्येक लिटरमागे तेवढीच हवा बाहेर पडावी लागते. पण ही दोन कामं वेगळी आहेत. चालताना गाडी तासाभरात साधारण दहा-पंधरा लिटर पेट्रोल पिते, त्याला बारीक व्हेंट नळीतून, म्हणजे हवेच्या नळीतून, येणारी हवा पुरते. नोझल मात्र मिनिटाला ३० ते ४० लिटर ओतू शकतं, म्हणून त्या हवेसाठी टाकीच्या माथ्यापासून भरण्याच्या नळीच्या तोंडापर्यंत वेगळी, जाडसर व्हेंट नळी असते. त्यामुळे पळताना गुदमरणारी गाडी पेट्रोल बिनतक्रार घेऊ शकते आणि नोझल नाकारणारी गाडी रस्त्यावर उत्तम चालू शकते. कोणत्या वाटेत अडथळा आहे ते आधी ठरवा, पाना नंतर उचला.

थ्रेड बसला म्हणून झाकण चाललं, असं समजू नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पूर्वीच्या झाकणांना हवेसाठी भोक असे. मग पेट्रोलची वाफ हवेत सोडायची नाही असा नियम आला, १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून सबंध अमेरिकेत. त्यानंतर झाकणं बंद प्रकारची झाली आणि वाफ कोळशाच्या कॅनिस्टरकडे, म्हणजे ती शोषून ठेवणाऱ्या डब्याकडे, वळवली गेली. काही झाकणांत फक्त आत हवा घेणारा एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. म्हणजे एकाच मॉडेलची, पण वेगळ्या साली किंवा वेगळ्या बाजारासाठी बनलेली गाडी वेगळं झाकण मागू शकते, आणि थ्रेड मात्र दोन्हींचा सारखाच. झाकणातूनच हवा घेणाऱ्या टाकीवर बंद झाकण लावलं की निर्वात तयार होतो. बंद यंत्रणेवर भोकाचं झाकण लावलं की गॅरेजभर वास सुटतो.

यावर उपाय म्हणून झाकणाला ड्रिलने भोक पाडणारे मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. वळणावर पेट्रोल हेलकावलं की त्याच भोकातून बाहेर येतं आणि गाडीच्या अंगावरून ओघळतं. गाडी उलटली तर पुढचं सांगायला नको.

झाकण उघडताना येणाऱ्या आवाजाचीही दिशा बघा. पॉलिथिनची पातळ पट्टी तोंडाशी धरून झाकण हळूहळू सैल करा. पट्टी आत ओढली गेली तर टाकीत निर्वात आहे. बाहेर ढकलली गेली तर दाब आहे, आणि उन्हात उभ्या गाडीत थोडा दाब असणं स्वाभाविक आहे, लगेच घाबरू नका. आत ओढणारा लांब सुस्कारा मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

नोझल 'खट्' झाल्यावर आणखी भरणं

नोझलच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वाहताना त्यातून सतत हवा ओढली जाते. छिद्रावर पेट्रोल किंवा फेस आला की ही हवा थांबते, आतला पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. त्याला टाकी भरल्याचं कळत नाही, फक्त तोंडाशी पेट्रोल आल्याचं कळतं. म्हणून टाकी अर्धी असतानाच वारंवार खट् होत असेल तर बाहेर पडायला वाट न मिळालेली हवा पेट्रोलला मागे ढकलते आहे, किंवा अरुंद, वाकड्या नळीत धार आपटून उसळते आहे. नोझल पाव वळसा फिरवा, थोडं बाहेर ओढा, सगळ्यात मंद खाचेवर ठेवा. एवढ्याने सुरळीत भरलं तर ते उसळणंच. तरीही खट् होत राहिलं तर जाड व्हेंट नळीकडे वळा.

टाकी खरंच भरल्यावर नोझल खटकलं की तिथेच थांबा. आकडा गोल करण्यासाठी आणखी दोन लिटर कोंबणं ही या यंत्रणेची सगळ्यात मोठी शत्रू असलेली सवय. टाकीच्या माथ्याशी मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते. ५० लिटर थंड पेट्रोल २० अंशांनी तापलं तर जवळजवळ एक लिटरने फुगतं. जागा नसेल तर ते वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरतं. तिथला कोळसा वाफ शोषण्यासाठी असतो, द्रव पेट्रोलने तो चिंब होतो, त्याचे कण सुटून पर्ज व्हॉल्व्हमध्ये (साठलेली वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या झडपेत) अडकतात आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. मग पेट्रोल भरून निघताना गाडी नीट सुरूच होत नाही, स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो, आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा मंद वेग, डगमगते. हे लक्षण फक्त पेट्रोल भरल्यानंतरच दिसत असेल तर कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर उघडण्याआधी कॅनिस्टर काढून हातात घ्या. जड लागला, हलवल्यावर कण खुळखुळले किंवा नळीच्या तोंडाशी काळी पूड दिसली तर तो गेला.

नळ्या: इथे निवांत वेळ द्या

टाकी एकदा खाली उतरवून परत बसवलेल्या गाडीत व्हेंट नळी टाकी आणि बॉडीच्या मध्ये चिमटलेली सापडणं अगदी नेहमीचं. बाहेरून काही दिसत नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन नळीचा सगळा मार्ग पाहा, जमेल तिथे बोटांनी चाचपा.

दुसरी चूक याहून फसवी आहे. नवी नळी जरा लांब कापली जाते आणि मध्ये झोळासारखी लोंबते. त्या खोलगट भागात वाफ थंड होऊन पेट्रोल साचतं आणि त्याचंच बूच तयार होतं. नळी स्वच्छ, नवी, कुठे दुमडलेली नाही, तरी हवा जात नाही. व्हेंट नळी टाकीपासून सतत चढती हवी, किंवा निदान साचलेलं पेट्रोल परत टाकीत उतरेल अशी.

गाडी उलटल्यावर पेट्रोल बाहेर पडू नये म्हणून असलेला रोलओव्हर व्हॉल्व्ह उलटा बसवला गेला असेल तर तो कायम बंदच राहतो. सुटा करून हातात धरा: सरळ धरल्यावर हवा जायला हवी, उलटा केल्यावर अडायला हवी. आणि नळीचं उघडं टोक तपासायला विसरू नका. २०११ मध्ये माझ्दाने अमेरिकेत काही माझ्दा ६ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण व्हेंट नळीत कोळी जाळं विणत होता आणि निर्वातामुळे टाकीला तडा जाण्याचा धोका होता. वर्षातले सहा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत कीटकांना तर निवांत घरच मिळतं.

नळी साफ करायची असेल तर तिची दोन्ही टोकं आधी सोडवा. टाकी जोडलेली असताना कंप्रेसरची हवा कधीच मारू नका. कंप्रेसरमध्ये सात-आठ बार दाब असतो, आणि वाफेच्या यंत्रणेची गळती तपासण्यासाठी साधारण ०.०३५ बार पुरतो. फरक दोनशे पटींचा आहे. टाकीची शिवण उकलते.

वास शोधताना

वास फक्त टाकी भरल्यावर येत असेल आणि अर्ध्यावर आली की जात असेल, तर गळती टाकीच्या वरच्या भागात आहे: फ्लोट युनिटचं (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाचं) गॅस्केट, व्हेंटचा सांधा किंवा भरण्याच्या नळीचं रबर. जुन्या पोर्शे ९११ मध्ये टाकी पुढच्या बॉनेटखाली असते, तिथे सुरुवात पुढूनच करा. ओलावा दिसत नसला तरी रबर पाझरत असतं, विशेषतः इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. प्रत्येक नळी वेगवेगळ्या कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसा आणि फडकं गाडीपासून दूर नेऊन हुंगा. ज्या फडक्याला वास, ती नळी बदला, आणि बदलताना पेट्रोलसाठीचीच घ्या. व्हॅक्यूमची साधी नळी दिसायला तशीच असते, पण पेट्रोलच्या वाफेने थोड्याच दिवसांत फुगून मऊ पडते.

हे सगळं काम मोकळ्या हवेत, इंजिन गार असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि गॅरेजच्या पिटमध्ये (गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात) साचते. रिकाम्या टाकीला निर्धोक समजू नका, भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त धोक्याची.

दुरुस्ती झाल्यावर पुढचे तीन-चार वेळा पेट्रोल भरताना काटा कुठे होता आणि किती लिटरनंतर पहिलं खट् झालं हे वहीत लिहून ठेवा. लांबच्या फेरीनंतर झाकण उघडून पट्टीही धरून पाहा. माझ्या गाडीत शेवटी चिमटलेली नळी निघाली, तीही टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढ्या जागेत.