शब्द आणि चित्र एकत्र करणारा आर्टिस्ट व्हायचंय? मग हे करून बघा

चित्राखाली एखादी कवितेची ओळ टाकली की झालं असं वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढा. चित्रात पाऊस आणि मजकुरातही पाऊसच, मग दोघांपैकी एकजण फुकटच बसलाय. मजकूर झाकून चित्र बघा, मग चित्र झाकून मजकूर वाचा, आणि दोन्ही एकेकटे आरामात चालत असतील तर अजून काम बाकी आहे.

दुसरं म्हणजे स्वतःसाठी एक नियम ठरवा आणि कंटाळा आला तरी सोडू नका. ब्रिटिश आर्टिस्ट टॉम फिलिप्सने १९६६ मध्ये १८९२ ची एक विस्मरणात गेलेली कादंबरी उचलली, पानं रंगवत गेला, मोजके शब्द तेवढे उघडे ठेवले आणि त्यातून नवीनच गोष्ट काढली, आणि हे प्रकरण पन्नास वर्षं चाललं, शेवटची आवृत्ती २०१६ ची. दर महिन्याला स्टाइल बदलणाऱ्यांना हे जड जाईल, पण लोक ओळखतात ते अशा चिकाटीमुळेच.

गॅलरी बोलवेल म्हणून थांबू नका, छापा. अमेरिकन आर्टिस्ट एड रूशाने १९६३ मध्ये २६ पेट्रोल पंपांच्या फोटोंचं छोटंसं पुस्तक स्वतःच काढलं, पहिल्या ४०० प्रती. तुम्ही एका ए-फोर कागदापासून सुरू करा, घड्या घालून मध्ये एक काप दिला की ८ पानी झीन (स्वतःच छापलेली छोटी पुस्तिका) तयार. पिना मारून पुस्तक करायचं असेल तर पानं ४ च्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. स्कॅन ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) खाली नको. मर्यादित प्रती काढल्या तर नंबर टाकून सही करा आणि नंतर गुपचूप जास्तीच्या छापू नका, विश्वास गेला की गेला.

जुना मजकूर, सापडलेले फोटो, फॉन्ट, या सगळ्याचे हक्क विकण्याआधी तपासा (फॉन्टचं लायसन्स तर हमखास विसरलं जातं).

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला दुसरी नोकरी लागतेच, त्यात कमीपणा नाही, फोटो आणि शब्द एकत्र करणारी अमेरिकन आर्टिस्ट बार्बरा क्रूगर आधी मासिकांत डिझायनर होती आणि फोटोवर ठसठशीत अक्षरं बसवायची सवय तिथलीच. जमलं तर लेआउट, प्रिंटिंग, बाइंडिंगच्या आसपासचंच काम बघा, मशीन आणि कागदाचे उरलेले तुकडे दोन्ही हाताशी राहतात.