जुन्या जलवाहिनीत रोबो सोडताना या चुका टाळा

विहार तलावाचे पाणी मुंबईत १८६० मध्ये आले, तानसाचे १८९२ मध्ये. इंग्रजांच्या काळात टाकलेल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वाहिन्या जुन्या शहरांत आजही पाणी वाहतात. त्या न खोदता तपासायला पाइपातून फिरणारा कॅमेऱ्याचा रोबो फार उपयोगी आहे. पण त्याने आणलेल्या चित्रणावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘कॅमेऱ्यात पाइप ठणठणीत दिसतोय’ असा शेरा मारून फाइल बंद करणे. बीड गंजते तेव्हा त्यातले लोखंड निघून जाते, ग्राफाइट मात्र जागच्या जागी राहते. त्यामुळे पाइपाची गोलाई आणि जाडी जशीच्या तशी दिसते. असा तुकडा बाहेर काढून चाकूने खरवडला, की काळी भुकटी गळू लागते. वरून जड ट्रक गेला किंवा पाण्याचा दाब एकदम वाढला, की तो फुटतो. शिवाय गंज मातीच्या बाजूनेही लागतो आणि आतला कॅमेरा तिथवर पोहोचतच नाही. म्हणून धातूची उरलेली जाडी विद्युतचुंबकीय किंवा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) पद्धतीने मोजा. अल्ट्रासॉनिक वापरणार असाल, तर आधी आतले गंजाचे फोड साफ करा, नाहीतर आकडे चुकतात. शंका असेल तिथे पाइपाचा नमुना कापून पाहाच.

चाकांवर चालणाऱ्या रोबोसाठी बऱ्याचदा वाहिनी रिकामी करतात. इथे जिवाशी गाठ आहे. दाब गेला, की ज्या भोकातून पाणी बाहेर जात होते त्याच भोकातून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. मलवाहिनीत फिरलेला रोबो तर पिण्याच्या पाण्यात कधीच उतरवू नका, कितीही धुतलेला असो. काम झाल्यावर वाहिनीचे निर्जंतुकीकरण करून ती धुवून काढा. पाणी जंतूंसाठी तपासा आणि नळाशी मुक्त क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असल्याची खात्री करा, मगच पुरवठा सुरू करा.

पाण्याबरोबर वाहत जाऊन गळतीचा आवाज टिपणारा चेंडू वापरत असाल, तर तो पाणी सोडण्याच्या वेळेतच सोडा. दाब नसेल तर गळती आवाज करत नाही. प्लॅस्टिकच्या पाइपात आवाज लांब जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

गळती सापडली, पण खड्डा भलतीकडेच खणला, असेही होते. लोखंडी पाइपात जीपीएस चालत नाही आणि आतल्या बुळबुळीत थरावर चाके घसरली, की अंतराचा हिशेब बिघडतो. जुन्या बिडाच्या पाइपांचे सांधे बहुधा ९ किंवा १२ फुटांवर असतात. ते मोजत जा आणि वाटेतल्या व्हॉल्व्हशी ताळा घ्या.

आणि काम सुरू करण्याआधी त्या भागातल्या चावीवाल्याला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला, गाठा. कोणता व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो, कुठे नकाशात नसलेली जोडणी आहे, हे त्याला पाठ असते. बटरफ्लाय व्हॉल्व्हची तबकडी पूर्ण उघडली तरी पाइपाच्या मधोमधच राहते, त्यामुळे रोबो तिथे अडकू शकतो. असा व्हॉल्व्ह असेल, तर तपासणी तिथे थांबवून पलीकडून दुसरी सुरू करा.