घोडा कुठे उभा होता, ते आधी विचारा

जुन्या वस्तूंच्या मूल्यांकनाचं काम शिकत असाल, तर कधी ना कधी ब्रॉन्झचा घोडेस्वार तुमच्यापुढे येणारच. कोकणात तर हमखास. घरातलं कोणीतरी बोटीवर नोकरीला असतं आणि परदेशी बंदरातून आणलेली अशी वस्तू वर्षानुवर्षं खिडकीत असते.

माझ्यापुढे तो मालवणजवळच्या एका घरात आला, वाटणीच्या वेळी. मागच्या पायांवर उधळलेला घोडा, वर टोपीवाला स्वार, खाली संगमरवरी चौथरा, पायाशी फ्रेडरिक रेमिंग्टनची सही. या अमेरिकी शिल्पकाराने ‘ब्रॉन्को बस्टर’ १८९५ मध्ये घडवला; १९०९ मध्ये तो वारला. आता त्याच्या प्रती कोणीही ओततं, आणि सहीसुद्धा साच्यातूनच येते. हे मला ठाऊक होतं. चुंबक लावला, चिकटला नाही. (यावरून लोखंड नाही एवढंच कळतं, जस्तालाही चुंबक चिकटत नाही.) तळाशी बारीक ओरखडा काढला. जस्त करडं दिसतं, हा धातू तांबूस पिवळा निघाला. इथवर ठीक.

मग मला कळंक दिसला, तांब्याच्या धातूवर चढणारा हिरवा थर. घोड्याच्या मांडीवर, लगामाच्या वळणात, जिनाखाली. ओल्या कापसाने घासला तरी हलेना. आम्लाने चढवलेला हिरवा नाही, खरा आहे, याची खात्री पटली आणि मी बोलून गेलो, “शंभर वर्षांपलीकडचा असणार.”

नीट ऐका, कारण इथेच नवखे फसतात. कळंक खराच होता, पण खरा म्हणजे जुना नव्हे. समुद्रावरून येणारा खारा वारा आणि चार महिन्यांचा दमटपणा तांब्याच्या कुठल्याही मिश्रधातूला काही वर्षांत हिरवं करतो. न घासलेली समई दोन पावसाळे पडवीत ठेवून बघा. हा घोडा पश्चिमेच्या खिडकीत होता. खिडकीकडची कूस हिरवी, भिंतीकडची तपकिरी, गुळगुळीत. दोन्ही बाजू मी पाहिल्या होत्या, हात फिरवला होता, आणि तरी घोडा कुठे ठेवलेला असायचा हे विचारलं नाही. विचारलं असतं तर घरच्या सुनेनेही सांगितलं असतं.

चूक एका म्हाताऱ्या ओताऱ्याने दाखवली. त्याने कळंकाकडे पाहिलंच नाही. स्वाराच्या बोटांवर नख फिरवलं. बोटं एकमेकांत विरघळलेली, सहीची अक्षरं बोथट. तयार मूर्तीवरूनच पुन्हा साचा घेतला की असं होतं. शिवाय ब्रॉन्झ थंड होताना शंभरात दीड-दोन भाग आक्रसतं, म्हणून साठ सेंटिमीटरच्या मूर्तीची अशी प्रत साधारण एक सेंटिमीटर बुटकी भरते. त्यात तो संगमरवर! रेमिंग्टनच्या घोड्याखालची जमीनही ब्रॉन्झचीच असते.

माझ्या एका वाक्यावर थोरल्या भावाने घोडा घेतला होता आणि घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी धाकट्याला सोडली होती. तोंडी बोललो, कागदावर काही नाही, ही सबब सांगू नका. लोक तोंडी शब्दावरच वाटण्या करतात. आणि शंभर हा आकडा कायद्याचाही आहे: १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांचं शिल्प पुरावशेष, म्हणजे कायद्याने जपायची जुनी वस्तू, ठरतं; ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

फोनवर फोटो टाकून नाव शोधण्याच्या नादी लागू नका. फोटोत प्रत आणि मूळ सारखंच दिसतं. जो स्वतः माल विकत घेतो त्याच्याकडेही शिकू नका, त्याचा भाव त्याच्या खिशातून येतो. ओताऱ्याच्या भट्टीशेजारी आठ दिवस बसा.

पण घाबरू नका. प्रत म्हणजे भंगार नव्हे. चांगलं ओतकाम असेल तर सजावटीची वस्तू म्हणून तिला गिऱ्हाईक मिळतं. “नंतरची प्रत, सजावटीचं मूल्य” असं सरळ लिहा. हात थरथरले तरी लिहा.

मी परत गेलो आणि दोघा भावांसमोर सगळं सांगितलं. धाकटा उठून आत गेला, घंघाळ आणून त्याने ओटीवर ठेवलं. थोरले काका बराच वेळ घोड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हेका आता आमसुलान घासू काय?”

“नको काका. कोरड्या फडक्याने पुसा, आणि खिडकीतून आत घ्या.”